‘श्री’मधली तिरपी रेघ

सुधागड तालुक्यातल्या पालीचे बल्लाळेश्वराचे देऊळ ‘श्री’ या अक्षराच्या आकारात बांधले आहे, असे सांगतात. त्या देवळाचे नाव कमानीवर, पावतीपुस्तकावर, उत्सवाच्या फ्लेक्सवर कोणत्या वळणाने लिहावे, हा म्हणूनच किरकोळ प्रश्न नाही. सध्या मथळ्यांसाठी एक रोमन ढंग फार आवडीचा आहे. त्यात जाड आणि बारीक रेघांत मोठी तफावत असते आणि रेघ टोकाकडे हलकेच रुंदावत जाते. हरमान झाप्फ यांनी फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधली थडग्यांवरची अक्षरे पाहून घडवलेल्या आणि १९५८ साली बाजारात आलेल्या ऑप्टिमा या टंकात तफावत सौम्य आहे, पण टोके अशीच फुलतात. हा ढंग देखणा आहे. तो जसाच्या तसा देवनागरीवर चढवला, की मात्र अक्षर बिघडते.

कारण लेखणीत आहे. रोमन लेखणीचा काप एका बाजूला कललेला, तर देवनागरी बोरूचा नेमका उलट. रोमन ‘ए’ची डावी तिरपी रेघ बारीक असते, उजवी जाड. बोरूने उजवीकडून खाली डावीकडे ओढलेली रेघ मात्र भरदार उतरते. आता ‘श्री’ जवळून पाहा. दंडाला डावीकडे टेकलेली जी छोटी तिरपी रेघ, तोच र, आणि तिच्यामुळेच ‘शी’चा ‘श्री’ होतो. रोमन हिशेबाने तीच रेघ केसासारखी बारीक होते आणि दोन्ही दंड उगाच दांडगे दिसतात. प्र, क्र, ग्र यांचीही हीच गत. ज्या रेघेवर अर्थ उभा आहे, तीच आधी पुसट होते.

यावर कोणी म्हणेल, आज फलक दोन लिप्यांत असतो, मग दोन्ही अक्षरे एका घरची दिसायला नकोत का? जरूर दिसावीत, पण हे नाते मजकुराच्या एकूण काळेपणातून आणि उंचीच्या प्रमाणातून जुळते, त्यासाठी दंडाला रोमन पाय जोडावे लागत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बोरू मागे पडून पिढ्या लोटल्या, मग त्याचा कायदा फॉन्टवर का लादायचा? पण शिशाचे खिळे आले तेव्हाही तो कायदा मोडला नव्हता. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या टंकांत बोरूचे वळण स्पष्ट दिसते, आणि वाचकाची नजर अशाच अक्षरांवर घडली. शिवाय तीव्र तफावतीसाठी आपल्याला उसनवारीची गरजच नाही. ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा ‘जैनी’ हा फॉन्ट १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून घडला आहे. त्यातले जाड-बारीक ठसठशीत आहे आणि ते सगळे लेखणीतून आलेले आहे.

अर्थात अस्सल वळणाचा असला, तरी असा फॉन्ट मोठ्या आकारासाठीच. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ मथळ्यासाठी केलेला आहे, त्यात परिच्छेद जुळवू नये. लहान आकारात बारीक रेघा तुटतात आणि उकार, रकार ओळखू येईनासे होतात. देवस्थानची नियमावली किंवा आरतीसंग्रह यांना शांत, सम वजनाचे अक्षरच हवे. म्हणून फलक किंवा पत्रिका करून घेणाऱ्यांना आणि ती मांडणाऱ्यांना विनंती आहे, की फॉन्ट ठरवण्याआधी ‘श्री’, ‘प्रसाद’ आणि ‘क्र.’ हे तीन शब्द प्रत्यक्ष आकारात छापून दहा पावलांवरून वाचावेत. र दिसला नाही, तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, बाजूला ठेवावा.