सुंभाचा तुकडा

लालबागच्या एका तीन माळ्यांच्या चाळीत गणपतीला आठ दिवस उरले असताना पाण्याची मोटार फिरायची, पण पाणी उचलायची नाही. बटण दाबलं की नेहमीसारखी घूं करायची. गच्चीवरच्या टाकीत मात्र थेंब नाही.

मुंबईच्या पाण्याची गंमतच आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावातून 1892 साली ते इथवर आलं ते उताराच्या जोरावर. एवढी मजल मारलेलं पाणी अडतं शेवटच्या चाळीस फुटांना. पहाटे तास-दीड तास नळ येतो, तळटाकी भरते आणि तिथून वर चढवायला मोटार लागते. ती रुसली की तिसऱ्या माळ्याच्या नशिबी कळश्या आणि जिना.

सेक्रेटरींनी दोष आधी माणसांत शोधला. दुसऱ्या माळ्यावरच्या कोपऱ्यातल्या बिऱ्हाडाने नळाला चोरून मोटार लावली असणार, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं. महापालिकेच्या नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणं बेकायदा आहे, म्हणजे आरोप साधा नव्हता. दोन पोरं जाऊन त्यांची मोरी बघून आली. मोरीत एक पिंप निघालं आणि कपडे भिजवलेली बादली. तळटाकी काठोकाठ भरलेली होती, म्हणजे पाणी चोरीला गेलेलंच नव्हतं. पण टाकीत डोकावून कुणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने कंडेन्सर बदलला. पाणी नाही. मग म्हणाला, "वायंडिंग गेलंय, नवी मोटारच घ्या." घरटी सहाशे रुपये वर्गणी फळ्यावर खडूने लागली. वायंडिंग गेलेली मोटार इतकी छान फिरते कशी, हे त्याला कुणी विचारलं नाही.

हे सगळं तळमजल्याच्या पायरीवर बसून तात्या बघत होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तोवर ते गिरणीत फिटर. गिरणीच्या तलावावरचे पंप त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांना कुणी बोलावलं नाही, कारण पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर त्यांनी सही केली नव्हती. "सुंभ जळेल, पण म्हाताऱ्याचा पीळ जायचा नाही," हे सेक्रेटरींचं आवडतं वाक्य. आणि खरं सांगायचं तर तात्याही कमी नव्हते. सत्तरीच्या माई बादली घेऊन जिना चढताना त्यांना रोज दिसत होत्या, तरी ते जागचे हलले नाहीत.

शेवटी माईंनीच त्यांच्यासमोर बादली आदळली. "बघत काय बसलाय? हात मोडलेत?"

तात्या उठले. आधी मोटार बंद केली. पंपावर हात ठेवला, तर चटका बसला. "कोरडा फिरवताय. सील जळलं असतं." मग विचारलं, "मोटार बंद केल्यावर पाइपातून काही आवाज येतो?"

पंपाच्या भिंतीला लागून राहणारी सातवीतली मुलगी म्हणाली, "चार दिवस येतोय. गुळगुळ करत खाली जातो."

तात्यांनी पंपाचं वरचं बूच उघडून तांब्याभर पाणी ओतलं. गेलं. बादलीभर ओतलं. तेही गेलं. "हा पंप पाणी धरतो, हवा धरत नाही. पोटात पाणी असलं तरच वर ओढणार. खालचा फुटव्हॉल्व्ह पाणी सोडतोय."

पोरांनी पाइप सोडवून टाकीबाहेर काढला. व्हॉल्व्हच्या झडपेत बोटभर सुंभ अडकला होता. झडप मिटायला दोऱ्याएवढी जागा कमी पडत होती, आणि तेवढ्या फटीतून पाइपातलं सगळं पाणी परत टाकीत उतरत होतं. मंडपाचे बांबू बांधायचा सुंभ तो. टाकीच्या तोंडाशी बसून पोरांनी तोडला होता आणि झाकण उघडं टाकून गेली होती. त्यांचा म्होरक्या सेक्रेटरींचाच मुलगा. व्हॉल्व्हची जाळी तर वर्षभर फाटलेली. नवीचा खर्च मागच्या सभेत नामंजूर झाला होता.

तात्यांनी झडप धुतली, पाइप बसवून घेतला, बुचातून पाणी ओतत राहिले. बुडबुडे थांबले तेव्हा बूच आवळून बटण दाबलं. या वेळी आवाज जड आला. थोड्या वेळाने गच्चीवरून एक पोरगा ओरडला, "आलं!"

सेक्रेटरींनी फळा पुसला. दुसऱ्या माळ्यावरच्या त्या बिऱ्हाडाच्या दारात जायला त्यांना आणखी दोन दिवस लागले. पण गेले, आणि बायकोला न पाठवता स्वतः गेले. गणपतीच्या आधी नवी जाळी बसली.

संमतिपत्रावर तात्यांची सही अजून नाही.