तांबं सापडेल त्याचं

कात्रजचा घाट कसा दाखवतात, हे पुण्यात शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली आणि पाठलागावर निघालेली मोगल फौज बैलांच्या शिंगांना बांधलेल्या पलित्यांमागे कात्रजच्या घाटात भरकटली, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मला त्या छाप्यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. वाटून घ्यावं असं त्यातून काही हाती आलं नाही. माणसं निवडक होती, सावज एकच होतं. परतल्यावर हिशेब मांडायचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न नऊ महिन्यांनी, जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटल्यावर आला.

आज याच कात्रज–आंबेगाव–धनकवडी पट्ट्यात इंजिनिअरिंगची पोरं एकेका फ्लॅटमध्ये चार-पाच अशी राहतात आणि त्यांतली काही रात्री मोहिमेवर जातात. सर्व्हर युरोपातला असला, तर तिकडचे संध्याकाळचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेबारा. माझा भाचा या मंडळींपैकी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा २००४ सालचा खेळ, त्यातलं ‘मोल्टन कोअर’ नावाचं विवर, चाळीस जणांची तुकडी. कोणी मार अंगावर घेतो, कोणी मागून बाण सोडतो, कोणी फक्त इतरांच्या जखमा भरत बसतो. बॉस, म्हणजे विवरातला मोठा राक्षस, पडला की चाळीस जणांत दोन-चार वस्तू मिळतात. ‘मामा, मारणं सोपं असतं रे, खरी मारामारी नंतर होते,’ असं म्हणत त्यानं लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडली. तिच्यातले रकाने पाहून मला एखाद्या पतपेढीचं ऑडिट चाललंय असं वाटलं.

सोनं वितळवून वाटता येतं, तलवार वाटता येत नाही. सगळी गोम इथंच आहे. अर्धी तलवार कोणाच्याच कामाची नाही, आणि ती एकाला दिली की एकोणचाळीस जण रिकाम्या हातांनी घरी जातात. पुढच्या आठवड्यात त्या एकोणचाळीसांनी पुन्हा रात्री साडेबाराला हजर राहावं अशी अपेक्षा असते.

सोन्याच्या बाबतीत महाराजांनी हा पेच मुळातच सोडवला होता. कृष्णाजी अनंत सभासदानं १६९७ मध्ये बखर लिहिली, तीत लष्कराची रीत सविस्तर दिली आहे. पावसाळ्यात फौज छावणीत. दसऱ्याला बाहेर पडताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी करायची. आठ महिने परमुलखात. परतताना वेशीवर झडती, यादीशी ताळा, आणि जास्तीचं काही सापडलं तर त्याची किंमत पगारातून वजा. सोनं, रुपं, जडजवाहीर, भारी कापड हुजुरात जमा करायचं. शिपायाला लुटीत वाटा नाही, त्याला पगार.

मोगल इतिहासकार खाफीखान महाराजांचा कट्टर निंदक. अपशब्द वापरल्याशिवाय त्याला नाव घेववत नाही. तोही हा नियम नोंदवतो आणि त्यात एक बारकावा घालतो: गरिबांच्या घरातला माल, तांब्याचा पैसा, तांब्या-पितळेची भांडी सापडतील त्याची, सोनं-चांदी, रत्नं, मौल्यवान वस्त्रं सरकारची. हे वाचल्यावर मी भाच्याची शीट पुन्हा उघडायला लावली. खेळातल्या वस्तूंना रंग असतात: करडा, पांढरा, हिरवा, निळा, जांभळा. गिल्ड, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांची कायमची टोळी, एक रेघ ठरवते. रेघेखालचा माल ज्याला मिळेल त्यानं उचलावा, त्यावरचा वाटणी करणाऱ्या ‘मास्टर लूटर’च्या हाती जायचा. रेघेला कारणही तेच आहे. प्रत्येक पितळी तांब्याचा हिशेब मागायला लागलात, तर हिशेबनीस मरतो आणि शिपाई चिडतो.

जांभळ्या मालाचं काय करायचं, यावर मात्र खेळाडूंनी इतकी डोकी झिजवली आहेत की अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी फुरसतीत बघावं. सगळ्यांत भाबडी रीत म्हणजे एक ते शंभरमधला आकडा टाकायचा, ज्याचा मोठा त्याची वस्तू. सहा महिने राबलेल्याला हात हलवत पाठवणारी आणि काल आलेल्याच्या पदरात तलवार टाकणारी ही रीत कागदावर अगदी समान न्यायाची असते. १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातल्या ‘आफ्टरलाइफ’ नावाच्या गिल्डनं वेगळी वाट काढली: ड्रॅगन मारायला हजर राहिलात की गुण जमा, वस्तू घेतली की गुण वजा. ड्रॅगन मारल्याचे गुण म्हणून ‘डीकेपी’. म्हणजे पुन्हा पगारच, फक्त तो तलवारीतच खर्च करता येतो.

मग पगाराचं जे होतं तेच याचंही झालं. काही जण वर्षभर काहीच न घेता गुण साठवत बसले. नवा माणूस कितीही घाम गाळो, त्या साठ्यासमोर त्याची पाळी येईना, म्हणून तो दुसऱ्या गिल्डमध्ये गेला. साठेवाले एकदा हवी ती वस्तू पटकावून खेळायला यायचे बंद झाले. उरला रिकामा सर्व्हर आणि सुंदर शीट.

यावरचा उपाय मला फार आवडला. ‘ईपीजीपी’ पद्धतीत दोन आकडे असतात, केलेल्या कष्टाचा आणि घेतलेल्या मालाचा. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. जुन्या गड्याचे कष्ट ६०० आणि घेतलेला माल ३००, तर त्याचा भागाकार २. नव्याचे कष्ट २००, माल ५०, भागाकार ४, तलवार नव्याला. शिवाय दर आठवड्याला दोन्ही आकडे ठरावीक टक्क्यांनी, समजा दहा टक्क्यांनी, घटवायचे. घट दोन्हींकडे सारखी, त्यामुळे भागाकार तोच राहतो. पण या आठवड्यात मिळवलेल्या नव्या गुणांचं वजन जुन्यांपेक्षा वाढतं. गेल्या दिवाळीत केलेला पराक्रम या दिवाळीपर्यंत जवळजवळ पुसला जातो. जुन्या खेळाडूंना ही घट अपमानासारखी बोचते. भाचाही कुरकुरत होता: ‘आम्ही उभं केलं आणि आम्हीच मागे?’

ही कुरकुर मराठी इतिहासाला नवी नाही. सभासदानं बखर लिहिली ती जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. थोरल्या महाराजांची पगाराची रीत तो कागदावर उतरवत होता त्याच वर्षांत ती रीत मोडत होती. खजिना रिता, औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून, आणि सरदारांना तिकडूनही आमिषं. रोख रक्कम द्यायला नव्हती, तेव्हा जो मुलूख जिंकाल तो तुमच्या वतनात, असं म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. वतन म्हणजे कधीही न घटणारे गुण, तेही मुलाला वारसाहक्कानं मिळणारे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांबद्दल जी चीड आहे ती या जागी कळते. ज्यांनी स्वतः त्या अडचणीच्या काळात राज्य तगवलं, त्यांनाच वतनांचा धोका सर्वांत स्पष्ट दिसत होता.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, आणि वाटणीचं एक देखणं गणित बसलं. शंभर रुपये वसूल असेल तर चौथाई पंचवीस. त्यातली राजबाबती सव्वासहा रुपये छत्रपतींची, सहोत्रा दीड रुपया पंत सचिवांचा, नाडगौंडा बारा आणे राजा देईल त्याला. उरलेले साडेसोळा रुपये मोकासा म्हणून फौज ठेवणाऱ्या सरदारांकडे. वरची दहा टक्के सरदेशमुखी पुन्हा छत्रपतींची. यात आणेवारीचीही भांडणं मिटली होती. पण सरदारानं जितका मुलूख मिळवावा तितका त्याचा मोकासा वाढणार आणि तो दरसाल त्याच्याच घरी जाणार, हे या गणितात गृहीत होतं. दोन पिढ्यांत शिंदे, होळकर, गायकवाड ही घराणी साताऱ्याच्या हिशेबवहीत मावेनाशी झाली. कात्रजच्या घाटातून साताऱ्याकडे जाणारी वाट तीच राहिली, तिच्यावरून जाणारा पैसा आटला. त्या वाटणीत अन्याय झाला असं मला म्हणवत नाही. ती त्या घडीला न्याय्य होती आणि तिला मुदत नव्हती, एवढंच. आणि तिच्याही पलीकडे पेंढारी होते. त्यांना पगारही नाही, मोकासाही नाही. हाती लागेल ते आपलं. अशा फौजेला पुढच्या वर्षाचा विचार करायचं कारणच उरत नाही.

गिल्डांनी लिलावही करून पाहिला. बोली खेळातल्या सोन्याची, जमलेली रक्कम हजर असलेल्या सगळ्यांत सारखी वाटायची. लिलावाची भिशी ज्या घरात चालते तिथे हे शिकवावं लागणार नाही: गरजू जास्त सोडतो, बाकीचे त्याच्या सोडण्यावर कमावतात. वरकरणी कोणीच रिकाम्या हातांनी जात नाही. पण बोलीसाठी सोनं बाहेरून खऱ्या पैशानं विकत घेणारे आले आणि कसब मागे पडलं. २०२४ मध्ये हा खेळ चालवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीनं त्याच्या एका हंगामी आवृत्तीत या प्रकारावर बंदी घातली. पंचमंडळ बसवून ठरवण्याची ‘लूट कौन्सिल’ची रीतही आहे, तिच्याबद्दल एवढंच म्हणेन की पंचांची भावकी कोणाच्या वाट्याला काय आलं यावरून ओळखता येते.

कंपनीनं मध्ये एकदा खेळाच्या मुख्य आवृत्तीतून ही सगळी कटकटच काढून टाकली. २०१८ पासून मास्टर लूटर बंद, ज्याला जे मिळायचं ते यंत्र परस्पर देणार. भांडणं संपली, आणि खेळाडू वैतागले, कारण आता मिळालेली वस्तू मनाजोगती दुसऱ्याला देता येईना. जो गडी आठ आठवडे इतरांच्या जखमा भरत बसला, त्याच्या हातात सगळ्यांच्या संमतीनं एखादी वस्तू ठेवण्याचा अधिकार गिल्डकडून गेला होता. २०२२ मध्ये कंपनीनं गटाची वाटणी काही अंशी परत आणली. मास्टर लूटर मात्र आला नाही, फासे आले.

भाच्याच्या शीटमध्ये एक रकाना मला सापडला नाही. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी काय केलं, ते सभासद सांगतो: जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन, मेलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, मूल नसेल तर बायकोला अर्धा पगार. खेळात मेलेला खेळाडू उठून पुन्हा लढतो, पण चिलखताच्या दुरुस्तीचं सोनं त्याच्याच थैलीतून जातं, आणि सर्वांचा मार अंगावर घेणाऱ्याला हा खर्च चुकत नाही. काही गिल्ड हा खर्च सामायिक तिजोरीतून देतात. भाच्याच्या गिल्डमध्ये देतात का, असं मी विचारलं. ‘तो विषय अजून मीटिंगला आला नाही,’ म्हणाला, आणि हेडफोन चढवून बसला. घड्याळात सव्वाबारा झाले होते.