'आमची' भाकर

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, ती 'माझी' म्हणून नव्हे, 'आमची' म्हणून. या 'आम्ही'त कोण कोण येते? २०२२ साली श्रीलंकेने हा प्रश्न आपल्या दाराशी आणून ठेवला.

सुमारे २ कोटी २० लाख वस्तीचा हा देश. इंधन, गहू, दूध पावडर, औषधे, सारे बाहेरून आणायचे आणि त्यासाठी डॉलर मिळवायचे ते चहा, कपडे, पर्यटन आणि परदेशी राबणाऱ्या माणसांच्या जोरावर. २०१९च्या ईस्टर रविवारी तेथील चर्चमध्ये आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले, पर्यटक आटले. पाठोपाठ कोरोना आला. त्यात सरकारने कर कमी केले आणि २०२१ साली रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. काही महिन्यांनी बंदी उठवली, पण भाताचे पीक हातचे गेले होते. पुढच्या वर्षी वीज दिवसाला १३ तास जाऊ लागली. कागद नाही म्हणून परीक्षा पुढे गेल्या. इंधनाच्या रांगेत काही वृद्धांनी प्राण सोडले. चुका राज्यकर्त्यांच्या, हे खरेच; पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला खतांबद्दल कोणी विचारले होते?

भारताने त्या वर्षी सुमारे ४ अब्ज डॉलरचे साह्य केले. तामिळनाडूने तांदूळ पाठवला. आपल्याला अभिमान वाटला, वाटायलाच हवा. मात्र जुलै २०२३मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. जगातील तांदूळ व्यापाराचा सुमारे ४० टक्के वाटा आपला, त्यामुळे भाव चढले आणि झळ बसली ती विकतच्या तांदळावर जगणाऱ्या देशांना. काही देशांना विनंतीवरून सूट मिळाली. घरच्या लेकरांना आधी वाढणाऱ्या आईला दोष कोण देईल? तरी तेव्हा सरकारी गोदामांत तांदूळ राखीव मर्यादेच्या कितीतरी वर होता, हेही सांगायला हवे.

योसेफाने कोठारे भरली आणि कनानहून आलेल्यांनाही धान्य दिले, हे आपण प्रवचनात ऐकतो. उत्पत्तीच्या ४७व्या अध्यायातले पुढचे मात्र क्वचितच ऐकतो. इजिप्तच्या लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे, मग जमिनी, आणि शेवटी ते स्वतःच फारोचे दास झाले. भुकेल्याला अन्न मिळाले, पण केवढ्याला!

आपले साह्यही बरेचसे उधारीचेच होते. एप्रिल २०२५मध्ये आपल्या पंतप्रधानांनी कोलंबोत सांगितले, की १० कोटी डॉलरहून अधिक कर्ज अनुदानात बदलले आहे. ४ अब्जांपुढे रक्कम लहान, पण वाचून बरे वाटले.