तुंबा आणि देवदार



पावसाळा सरता सरता बेळगाव भागात शेताच्या बांधावर तुंबा फुलतो. रोप वीत-दोन वीत उंच, फूल बोटाच्या पेराहून लहान आणि पांढरेशुभ्र. पण शिवपूजेत त्याला मान आहे. वर्षाच्या आत रोप वाळून जाते. तिकडे काश्मीरच्या डोंगरउतारावर देवदार उभा असतो. हा सूचिपर्णी वृक्ष दीडशे फुटांपर्यंत वाढतो, शेकडो वर्षे जगतो. पण त्याला फूल म्हणून येत नाही. नावाचा अर्थ मात्र 'देवाचे लाकूड'. या दोघांत श्रेष्ठ कोण?

हा प्रश्न झाडांचा नाही, आपला आहे. मोळिगे मारय्या हे मूळचे काश्मीरचे राजे, असे परंपरा सांगते. राज्य सोडून ते पत्नी महादेवीसह कल्याणला आले आणि लाकडाच्या मोळ्या विकून दासोह करू लागले. त्याच कल्याणात आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य सांडलेले तांदूळ वेचून जंगमसेवा करीत असे. आपली मान राजा मारय्यांपुढे अधिक लवते. का? तर त्यांनी पुष्कळ सोडले म्हणून. म्हणजे आपण त्यागाला वंदन केले, की सोडलेल्या राज्याला? ज्यांच्यापाशी सोडायला राज्यच नव्हते, त्यांची भक्ती का उणी?

पण गरिबी म्हणजेच भक्ती, असेही नाही. एके दिवशी आयदक्की मारय्यांनी रोजच्याहून जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी जास्तीचे परत टाकून येण्यास सांगितले. मूठभर तांदळातही लोभ शिरू शकतो, हे त्या शरणीने ओळखले होते.

आता पुन्हा झाडांकडे पाहा. देवदाराचा शंकू पिकायला सुमारे वर्ष लागते. पिकला की तो फांदीवरच सुटा सुटा होऊन गळतो, तेव्हाच बी वाऱ्यावर जाते. तुंब्याचे बी वाळल्या बोंडातून मुकाट्याने मातीत पडते. एकाची उंची मोठी, दुसऱ्याचे आयुष्य थोडे. पण पिकलेले धरून कोणीच बसत नाही. दासोहाचे मर्म याहून निराळे काय आहे?

मोठ्या देणगीदाराचे नाव फलकावर लागते, दासोहाची भांडी घासणारीचे नाव कोणी विचारीत नाही. म्हणून वाचकहो, देणगीदाराचा हेवा करू नका आणि आपल्या साधेपणाचा ताठाही बाळगू नका. इष्टलिंग तळहातावर घ्याल तेव्हा एवढेच स्वतःला विचारा: आज मी काय मागे राखून ठेवले?

शरणु शरणार्थी.