धर्मव्याध आणि अंड्यामागची अळी



आज महाभारताच्या वनपर्वातली धर्मव्याधाची कथा वाचली. मिथिलेतला हा मांसविक्रेता कौशिक ब्राह्मणाला धर्म समजावतो. त्याचं एक म्हणणं मनात अडकून राहिलं : शेतीला आपण चांगलं काम म्हणतो, पण नांगराखालीही असंख्य जीव मरतातच.

लगेच आठवलं ते कोंबड्यांचं नवं खाद्य. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या उरल्यासुरल्या अन्नावर वाढवायच्या, वाळवायच्या, दळायच्या. प्रथिनं भरपूर. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली. खाद्यात घालायची मासळी आणि सोयापेंड वाचते. शिवाय कोंबडी एरवीही उकिरड्यावर किडेच टिपते ना! मग अडचण काय?

अडचण अशी, की किलोभर पिठाला हजारो अळ्या लागतात. त्यांना वेदना होतात का, याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडेही नाही. आणि उकिरड्यावर टिपते ती कोंबडी; इथे अळी वाढवतो आणि मारतो तो माणूस, तेही माझ्या ऑम्लेटसाठी. मी मात्र 'आपण फक्त अंडं खातो' म्हणून निवांत!

'सगळेच मारतात, मग काय बिघडलं' असं धर्मव्याध म्हणत नाही. संपूर्ण अहिंसा कोणालाच जमत नाही, पण प्रयत्नाने हिंसा कमी होते, असं तो सांगतो. म्हणजे हिशेब चुकता होत नाही, पण तो ठेवायचा सोडायचा नाही.

आज जेवताना क्षणभर थांबूया. पानात टाकलेला प्रत्येक घास म्हणजे उगाच गेलेले जीव. निदान तेवढं तरी आपल्या हातात आहे.