बांधावरची शिवी

मन्नारगुडीच्या बाजूला एक मिरासदार होता. त्याच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे पण्णैयाळ, म्हणजे बांधील शेतमजूर, चुकले, की चाबूक बसे, शेणाचं पाणी पाजलं जाई. तंजावूर जिल्ह्यात ही शिक्षा रूढच होती. दक्षिण कानडातून आलेले बी. श्रीनिवास राव 1943 पासून वस्त्यावस्त्यांतून हिंडले, शेतमजुरांची संघटना उभी राहिली, तेव्हा कुठे 1944 च्या मन्नारगुडी करारात जमीनमालकांनी ती सोडायचं कबूल केलं.

चाबूक खुंटीला लागला, तोंड मात्र चालूच राहिलं. छत्रीखाली उभा राहून मिरासदार लावणीच्या बायकांची आई-आजी काढी. त्याच्या मराठी कारकुनाला ते कधी टोचलं नाही. गप्प ऐकून घेण्याला आपण फार लवकर सभ्यता म्हणतो.

एकदा एक गरोदर पोरगी चिखलातून उठून बांधावर टेकली. मिरासदारानं तिला नेहमीची शिवी हासडली. रांगेतली म्हातारी ताठ झाली आणि तीच शिवी तिनं त्याला परत दिली. फक्त त्यातली आई तिनं गाळली.

सगळ्या शेताचे हात थांबले.

कारकून ओरडला, "ए म्हातारे! बाईमाणसाच्या तोंडी ही घाण?"

"अय्या, घाण माझी नाही. रोज आमच्या अंगावर पडते, तेव्हा तुम्हाला वास आला नाही. ह्यांच्या आईनं माझं काही वाईट केलेलं नाही, म्हणून तिला तेवढी सोडली."

मिरासदार निघून गेला. जाताना दोघींच्या मजुरीचं भात कापायला सांगून गेला. संध्याकाळी कारकुनानं दोघींना पुरं माप घातलं आणि वहीत तसंच लिहिलं. त्याचा जाब त्याला द्यावा लागणार होता, हे त्याला ठाऊक होतं.

म्हातारीची शिवी वस्तीत गाजली. पोरं ती हसत हसत घोळवू लागली, गाळलेली आई पुन्हा आत घालून. संघटनेत पुढे असलेल्या एका तरुणानं कांजीला उशीर झाला म्हणून ती बायकोला दिली. म्हातारी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुम्ही मालकाला दिलीत, तेव्हा आम्हीच तुम्हाला खांद्यावर घेतलं ना?" तो म्हणाला.

"त्याला उलट बोलले, त्यात माझं घर जाऊ शकलं असतं. हिला बोलून तुझं काय जाणार होतं?"

तो काही बोलला नाही. म्हातारी हटली नाही. शेवटी त्यानं सगळ्यांदेखत बायकोची माफी मागितली. पुढच्या बैठकीत मजुरीच्या मागण्या ठरल्या, तेव्हा म्हातारीनं आणखी एक घालायला लावली: आमच्या बायकांना कुणीही, आमच्यातल्यानंसुद्धा, शिवी द्यायची नाही.