शेजाऱ्याचा उलट टोला

कोपर स्थानकात दोन लोहमार्ग एकमेकांना छेदून जातात. खालून मुंबई-कल्याणच्या लोकल धावतात, वरून वसई-दिवा मार्गाची गाडी जाते. वरच्या फलाटावर जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडी या बाजूंनी आलेली माणसं उतरतात आणि जिन्याने खाली येऊन लोकल पकडतात. त्यांत वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती असतात, वाडवळ असतात, गुजराती असतात, भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणारे उत्तर प्रदेशी कामगार असतात. खालच्या फलाटावर कोपर, आयरे, भोपर इथले आगरी, गिरगाव-दादरच्या चाळी सोडून डोंबिवलीला आलेली पांढरपेशी कुटुंबं, कोकणातले, देशावरचे आणि मल्याळी प्रवासी आधीच उभे असतात. इतक्या तऱ्हांची माणसं रोज एकमेकांना खेटून प्रवास करू लागली की एकमेकांवर विनोद होणारच. भय्या, अण्णा, घाटी, बामण, आगरी अशा हाका डब्यात सतत ऐकू येतात. तीच हाक एकाच्या तोंडून मायेची वाटते आणि दुसऱ्याच्या तोंडून जिव्हारी लागते. हा फरक कशामुळे पडतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. शेजाऱ्याकडे पाहण्याची आपली नजर गेल्या सुमारे दीडशे वर्षांत कशी घडत गेली, हे पाहिलं तर त्याचं उत्तर मिळू शकतं.

सुरुवात शेऱ्यांपासून झाली. इंग्रज सरकारने १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात जातवार माणसांची वर्णनं आहेत. कोण काय खातं, काय नेसतं, कोण कष्टाळू, कोण दारूच्या आहारी गेलेलं, असा एकेका समाजाचा निकाल दोन-चार ओळींत लावलेला आहे. ज्यांच्याविषयी हे लिहिलं, त्या मिठागरांवर आणि खारजमिनीच्या भातशेतीत राबणाऱ्या आगऱ्यांना ते वाचता येण्याची सोय नव्हती आणि खोडून काढण्याची तर त्याहून नव्हती. सरकारी पुस्तकातली ही रीत समाजात आधीपासून होतीच. रंगभूमीवर तिला नाटकी रूप मिळालं. व्याजाला लावणारा मारवाडी, तोडकंमोडकं मराठी बोलणारा पारशी, मालवणी हेल काढणारा घरगडी ही पात्रं रंगमंचावर येत, बोलण्याच्या ढबीवर हशा घेत आणि विंगेत जात. त्यांची सुखदुःखं काय, हे कुणी विचारत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी विनोदाने मोठं वळण घेतलं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून स्वतःच्याच पांढरपेशा समाजाच्या चालीरीतींवर लेखणी चालवली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्यांचे तिघे नायक परक्यांची टिंगल करत हिंडत नाहीत. आपल्याच घरातल्या लग्नकार्यातला आणि कर्मकांडातला खुळेपणा ते वाचकापुढे मांडतात. त्यांच्या मागोमाग गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिलं, आणि बडोद्याला राहून पालीचं अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही अस्सल मध्यमवर्गीय जोडी उभी केली. स्वतःला हसता येणं ही प्रौढपणाची खूण आहे, ही जाण या लेखकांनी मराठी वाचकाला दिली. हे देणं फार मोलाचं आहे, कारण स्वतःच्या घराला हसलेला माणूसच शेजारच्या घराविषयी जरा सबुरीने बोलतो.

पु. ल. देशपांड्यांनी या विनोदाचं दार शेजाऱ्यांसाठी उघडलं. ‘गणगोत’मधले बेळगावचे रावसाहेब आठवावेत. कानडी वळणाचं त्यांचं मराठी, लिंगांची मुक्त अदलाबदल, तोंडात सहज येणाऱ्या शिव्या आणि गाण्या-नाटकावरचं जिवापाड प्रेम! त्यांच्या भाषेवर आपण खळखळून हसतो, पण लेख संपतो तेव्हा भाषेची गंमत मागे पडून एक दिलदार माणूस आपल्या मनात घर करून राहिलेला असतो. पु. लं.नी बेळगावच्या कॉलेजात शिकवलं होतं, त्या शहराचं पाणी ते प्याले होते. पुढे पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनात जाऊन त्यांनी बंगाली शिकून घेतली. शेजाऱ्याची भाषा शिकायला जो बसतो, त्याच्या थट्टेत तुच्छता उरत नाही. बेळगावचा सीमाप्रश्न तेव्हाही धगधगत होता आणि आजही सुटलेला नाही. तरी त्याच बेळगावातल्या कानडी-मराठी सरमिसळीतून मराठीतलं इतकं लोभस व्यक्तिचित्र आलं, याचा मला अभिमान वाटतो.

याच काळात दुसरा प्रवाहही जोर धरत होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने मराठी माणसाला राज्य मिळवून दिलं, पण मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरी मिळण्याची खात्री दिली नाही. १३ ऑगस्ट १९६० रोजी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू झालं. व्यंगचित्रांच्या बरोबरीने त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली कार्यालयांमधल्या परप्रांतीय, मुख्यतः दाक्षिणात्य, अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या येऊ लागल्या. पुढे मथळा ‘वाचा आणि उठा’ असा झाला. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि लुंगीची टवाळी घोषणा होऊन रस्त्यावर आली. बेकार मराठी तरुणाची तक्रार खोटी नव्हती, हे आवर्जून सांगायला हवं. शिकून-सवरून नोकरी न मिळणाऱ्या मुलाच्या घरातला जाळ खराच होता. पण यादी छापली की माणूस मागे पडतो आणि फक्त आडनाव उरतं. त्या आडनावाचा कारकून शेजारच्या चाळीत राहतो, त्याच नळावर पाणी भरतो, त्याच लोकलला लटकतो, हे यादीत कुठेच येत नाही. व्यंगचित्रात ज्याला हसले तो निदान चेहऱ्याने ओळखता येतो. यादीतल्या नावाला चेहराही नाही आणि तोंडही नाही.

आपणही अशा थट्टेचं लक्ष्य होतो, हे मराठी माणूस सहज विसरतो. मुंबईत ‘घाटी’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. धनिकांच्या घरी काम करणाऱ्या कोकणी गड्यांना, खरं नाव काहीही असलं तरी, सरसकट ‘रामा’ म्हटलं गेलं. हिंदी चित्रपटांत धुणीभांडी करणारी बाई मराठी आणि साहेबापुढे सलाम ठोकणारा हवालदारही मराठी, असा पायंडाच पडला. त्या बाईच्या किंवा हवालदाराच्या बोलण्यावर थिएटर हसतं तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच कोपरच्या फलाटावरच्या भय्याला आपल्या नकलेने वाटत असणार.

याचं उत्तर शोधून काढलं ते कोकणाने. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आलं. गावातली मंडळी महाभारतातलं वस्त्रहरण बसवतात आणि त्यात गोंधळ उडतो, एवढंच कथानक. पण अख्खं नाटक मालवणीत, आणि मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच मधोमध. तोवर घरगड्याच्या तोंडी असलेली बोली इथे यजमान झाली. स्वतः पु. लं.नी या नाटकाचं मनापासून कौतुक केलं, त्याचे हजारो प्रयोग झाले आणि ते लंडनलाही जाऊन आलं. प्रेक्षक पूर्वीही मालवणीला हसत होते आणि आताही हसत होते. बदल झाला तो एवढाच, की आता कशाला हसायचं हे मालवणी माणूसच ठरवत होता.

आगऱ्यांच्या वाट्याला ही पाळी जरा उशिरा आली. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘गाडी’ची ‘गारी’ होते. शाळेत या उच्चारांवर हशा पिकायचा आणि आगरी मुलं वर्गात तोंड उघडायला कचरायची. पुढे जमिनी गेल्या, इमारती उभ्या राहिल्या, हातात थोडा पैसा आला, तेव्हा विनोदाचा विषय बदलून गळ्यातले सोन्याचे गोफ आणि रात्रभर चालणाऱ्या हळदी यांवर आला. ज्या शेतांवर डोंबिवली वसली त्या शेतांचे मालक डोंबिवलीच्या दिवाणखान्यांत चेष्टेचा विषय होते. म्हणूनच फेब्रुवारी २०१७ची घटना मला फार मोठी वाटते. नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरलं आणि त्याचं यजमानपद आगरी यूथ फोरमने घेतलं. ज्यांच्या उच्चारांना हसून आपण प्रमाणभाषेचा अभिमान मिरवला, त्यांनी सगळ्या महाराष्ट्रातल्या प्रमाणभाषेला आपल्या गावात मानाने बोलावलं. आज विनायक माळींसारख्या कलावंतांचे आगरी-कोळी विनोद मोबाइलवर घरोघरी पाहिले जातात. हळद, सोनं, नवरा-बायकोची भांडणं हे विषय त्यांतही आहेत, पण बोलणारा माणूस घरचा आहे.

तरीही एकदा पाळी मिळाली की माणूस शहाणा होतोच, असं नाही. कोपरहून सुटणाऱ्या आमच्या गाडीत नेहमीच्या मंडळींचा एक ग्रुप आहे. त्यात जौनपूरचा एक तरुण नव्याने येऊ लागला. कुणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली, सगळे हसले, तोही कसनुसं हसला. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. नक्कल करणारा आगरीच होता. तेव्हा खिडकीजवळ बसलेले आमचे आगरी काका वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याला म्हणाले, “आमच्या बोलीवर शालेत मास्तर हसायचे, तवा आमी गप बसायचो. आता तू ह्याच्या बोलीवर हसतंस. त्याला पन बोलू दे ना!” डबा गप्प झाला. मग तो तरुण हळूच म्हणाला, “काका, ये लोग गाड़ी को गाड़ी भी सीधा नहीं बोलते, और हँसते हम पर हैं.” आगऱ्यांच्या ‘ड’कारावरचा हा टोला इतका नेमका बसला की हशात नक्कल करणाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्या दिवसापासून तो तरुण ग्रुपचा झाला.

दूरच्या पोलंडचं उदाहरण मला इथे मोलाचं वाटतं. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या शेजाऱ्यांनी १७७२ ते १७९५ या काळात पोलंड वाटून खाल्लं आणि १९१८पर्यंत नकाशावर तो देश नव्हता. या इतिहासातून पोलिश घरांत एक विनोदप्रकार रुजला: सैतान एक पोल, एक जर्मन आणि एक रशियन पकडतो, तिघांना एक अवघड काम देतो आणि पोल काहीतरी बेरकी युक्ती करून सुटतो. दुबळ्याने बलदंड शेजाऱ्याला गोष्टीत हरवणं, हा त्या विनोदाचा आधार. पण हेच पोल अमेरिकेत मजुरी करायला गेले तेव्हा तिथे ‘मूर्ख पोल’ हा विनोदाचा ठरलेला विषय झाला. १९९०च्या दशकात जर्मन दूरचित्रवाणीवर पोल म्हणजे मोटारचोर, असे विनोद चालले. घरात शेजाऱ्याला हसणारा समाज दुसऱ्याच्या घरात स्वतःच हसण्याचा विषय झाला. दुसऱ्या महायुद्धात हालअपेष्टा सोसून आलेले सुमारे 5,000 पोल, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्या छावणीतली काही मुलं वृद्धापकाळी, २०१९ साली, पुन्हा कोल्हापूरला आली तेव्हा शहराने त्यांना पाहुण्यांसारखं वागवलं. सोबत राहिलेल्या शेजाऱ्याची आठवण माणसं अशी जपतात.

शेजारधर्माची सर्वांत कठीण परीक्षा इतिहासात असते. १९६५ साली, युद्ध संपून जेमतेम 20 वर्षं झाली असताना, पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी क्षमा देऊ केली आणि स्वतःही क्षमा मागितली. ज्यांचं वॉर्सा बेचिराख झालं त्यांनी आपल्याही हातून काही घडलं असेल, असं म्हणायला मोठं काळीज लागतं. आपल्याकडे असा प्रसंग नाही, असं नाही. १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात शिरल्या. बंगाली आया आजही बाळाला झोपवताना ज्या ‘बर्गीं’ची भीती घालतात, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. आपल्या पुस्तकांत ती मोहीम आहे, त्यांच्या अंगाईत ती दहशत आहे. बंगाल्याने ‘बर्गी’ म्हणून थट्टा केली तर रागावण्याआधी ती अंगाई समजून घ्यायला हवी. आपल्या इतिहासाबद्दल शेजाऱ्याला काय वाटतं हे ऐकता येणं, हाही त्याच्या उलट टोल्याला जागा देण्याचाच प्रकार आहे.

एवढा प्रवास पाहिल्यावर मला एक कसोटी सापडते. विनोद तिखट आहे की सौम्य, यावर फार काही ठरत नाही. ज्याच्यावर विनोद केला तो त्याच बाकावर बसून आपल्याला उलट टोला देऊ शकतो का आणि त्याच्या टोल्याला आपण मोकळेपणी हसतो का, एवढंच पाहावं. गॅझेटियरच्या शेऱ्यांत ती जागा नव्हती, नावांच्या यादीत नव्हती. कोल्हटकरांनी आपल्याला स्वतःला हसायला शिकवलं, रावसाहेबांच्या चित्राने शेजाऱ्याला मनात जागा दिली, ‘वस्त्रहरण’ने बोलीला आवाज दिला आणि आगरी यूथ फोरमने यजमानपदाचा मान मिळवला. यातली प्रत्येक पायरी कुणीतरी हट्टाने चढलेली आहे, ती आपोआप आलेली नाही.

पुढची पायरी आपल्या हातात आहे. कोपर-डोंबिवलीच्या शाळांत आगरी बोलीतल्या गोष्टी अभ्यासाला असाव्यात. भोजपुरी, मल्याळी, गुजराती घरांतल्या मुलांनी आपल्या घरच्या म्हणी वर्गात सांगाव्यात आणि सगळ्यांनी त्या ऐकाव्यात. साहित्य संमेलनात या शेजाऱ्यांनी मराठी माणसावर केलेले विनोदही व्हावेत आणि आपण पहिल्या रांगेत बसून त्यांना दाद द्यावी. ज्या गावात शेजारी आपल्याला निर्भयपणे हसू शकतो, ते गाव आपण त्याचंही करून दिलेलं असतं.